घरोघरी वेगळ्या चुली : पायथॉनच्या पॅकेजांचा इतिहास



आजचा विषय कळल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी संगणकाच्या पॅकेजांवर काय म्हणून बोलावं? प्रश्न रास्त आहे. आम्ही प्रोग्रामर नव्हे. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत अर्थशास्त्रापासून भाषाविज्ञानापर्यंत अनेक विषयांतले प्रबंध पायथॉन या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांवर उभे राहू लागले आहेत. त्यातली आकडेमोड कुणी पडताळायला गेलं आणि उत्तर जुळलं नाही, तर उमेदवार म्हणतो, ‘माझ्या मशीनवर तर चालतं.’ हे वाक्य आम्ही तोंडी परीक्षेत स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. जो निष्कर्ष एका टेबलावरच्या एकाच यंत्रात खरा ठरतो त्याला ज्ञान म्हणायचं की नाही, हा प्रश्न मात्र आमच्याच खात्यातला. तो कसा उभा राहिला, हे समजायचं तर थोडा इतिहास बघावा लागतो.

पॅकेज म्हणजे काय ते आधी सांगतो. प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशेब, आलेख काढणं, इंटरनेटवरून माहिती आणणं, ही कामं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात. तो आयता गठ्ठा म्हणजे पॅकेज. आणि हे गठ्ठे पुन्हा दुसऱ्या गठ्ठ्यांवर अवलंबून असतात. आपण एकाला बोलावतो आणि दहा जण येतात. लग्नपत्रिकेत लिहितो ना, सहकुटुंब सहपरिवार, तसं. शिवाय प्रत्येक पाहुण्याची अट असते, की मला अमक्याचीच दुसरी आवृत्ती लागते, तिसरी चालणार नाही.

गीडो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅममध्ये पायथॉन तयार केली आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर ठेवली. नाव सापावरून नाही, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून. पहिली काही वर्षं दुसऱ्याचा प्रोग्राम हवा असेल तर फाइल उतरवून घ्यायची आणि हाताने योग्य जागी ठेवायची. २००० मध्ये डिस्टयुटिल्स नावाचं साधन भाषेबरोबरच मिळू लागलं. ते पॅकेज बसवून द्यायचं. काढून टाकायचं काम मात्र त्याला येत नव्हतं, आणि एका पॅकेजला दुसरं लागतं हेही ते बघत नसे. २००३ मध्ये पॅकेजांची सार्वजनिक सूची सुरू झाली. तिला आज पायपीआय म्हणतात. लोक गमतीने तिला ‘चीज शॉप’ म्हणत, कारण मॉन्टी पायथनच्या एका प्रसिद्ध नाट्यप्रवेशात चीजच्या दुकानात चीजच नसतं; आणि या सूचीतही सुरुवातीला पॅकेजं कमी, पॅकेजांची माहितीच जास्त होती. २००४ मध्ये फिलिप ईबी यांचं सेटअपटूल्स आलं. आता एक पॅकेज मागितलं की त्याला लागणारी बाकीची आपोआप येऊ लागली. सगळ्यांना आनंद झाला. खरी भानगड इथूनच सुरू झाली.

कारण आलेलं सगळं ठेवायचं कुठे? पायथॉनच्या घरात कोठीची खोली एकच. तिचं नाव साइट-पॅकेजेस. या खोलीत एका नावाचं एकच पॅकेज राहू शकतं. प्रोग्रामने नाव उच्चारलं की पायथॉन ठरलेल्या क्रमाने फोल्डर धुंडाळते आणि पहिलं जे सापडेल ते उचलते. शिवाय प्रोग्राम चालू असेपर्यंत त्या नावाला तीच वस्तू चिकटून राहते. थोडक्यात, एका म्यानात दोन तलवारी नाहीत. समजा, एका संस्थेची वेबसाइट जँगो या पॅकेजच्या जुन्या आवृत्तीवर चालते आहे आणि तुम्हाला त्याच संगणकावर नवी वेबसाइट नव्या आवृत्तीवर करायची आहे. नवी आवृत्ती आणली की जुनी पुसली जाते आणि काल संध्याकाळपर्यंत चालणारी साइट सकाळी बंद.

सगळ्या भाषांनी हा नियम मानला असं नाही. जावास्क्रिप्टच्या जगात नोड आणि एनपीएम आले, तिथे प्रत्येक पॅकेज आपल्या पोटातच आपल्याला लागणाऱ्या पॅकेजांचं फोल्डर बाळगू शकतं. त्यामुळे एकाच प्रोग्राममध्ये एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या सुखाने नांदतात. त्याची किंमत म्हणजे फोल्डरांचा डोंगर. पायथॉनने तो रस्ता घेतला नाही.

आता आणखी एक गुंता. लिनक्स संगणकावर पायथॉन आधीपासून असते, आणि ती तुमच्यासाठी नसून संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी असते. रेड हॅटच्या लिनक्सवर प्रोग्राम बसवणारं यम हे साधनच पायथॉनमध्ये लिहिलेलं होतं. म्हणजे एखाद्याने अधिकार वापरून त्या पायथॉनमध्ये फेरफार केले आणि यमला लागणारं काही बिघडलं, तर बिघाड दुरुस्त करायचं हत्यारच बिघडलं. आम्ही ज्या संस्थेत होतो तिथल्या प्रयोगशाळेतला एक तरुण साहाय्यक म्हणायचा, ‘विहिरीत उतरायची शिडीच कुणीतरी विहिरीत टाकली.’

इथे एका गोष्टीचा न्याय केला पाहिजे. एकत्र कुटुंबाची ही पद्धत मूर्खपणाची नव्हती. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांमध्ये हजारो पॅकेजं एकमेकांशी जुळवून ठेवलेली असतात. प्रत्येकाची एक ठरलेली आवृत्ती, आणि सगळ्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं. एखाद्या पॅकेजमध्ये सुरक्षेचं भगदाड सापडलं तर एका जागी बुजवलं की घरातल्या सगळ्यांचं काम झालं. ज्यांनी वेगळ्या चुलींची वकिली केली त्यांनी हा फायदा सहसा सांगितला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या पॅकेजमध्ये मोठं भगदाड सापडलं, तेव्हा दुरुस्ती लवकर आली. पण ते पॅकेज कुठल्या कुठल्या प्रोग्रामच्या पोटात दडून बसलं आहे, हे शोधण्यात जगभरच्या लोकांच्या रात्री गेल्या.

तरीही चुली वेगळ्या झाल्याच. २००७ मध्ये इयन बिकिंग यांनी व्हर्च्युअलएन्व्ह लिहिलं. कल्पना इतकी साधी की हसू यावं. प्रत्येक कामासाठी एक फोल्डर करायचं, त्यात पायथॉनची प्रत ठेवायची आणि तिची स्वतंत्र कोठी. या कोठीत काय आणाल त्याचा शेजारच्या कोठीशी संबंध नाही. वातावरण ‘चालू’ करणं म्हणजे तरी काय, तर टर्मिनलला सांगायचं की पायथॉन म्हटलं की आधी या फोल्डरात बघ. नाव शोधण्याचा क्रम बदलला, एवढंच. २००८ मध्ये त्यांनीच पिप हे साधन आणलं. त्याला पॅकेज काढून टाकताही येत होतं. पिपचा विस्तार ‘पिप इन्स्टॉल्स पॅकेजेस’ असा सांगतात, म्हणजे ज्याची व्याख्या करायची तेच व्याख्येत. आमच्या न्यायशास्त्रात याला आत्माश्रय दोष म्हणतात. संगणकवाल्यांना त्याची गंमत वाटते.

इतिहासाच्या दृष्टीने आम्हाला २००७ पेक्षा २०११ हे साल महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीला व्हर्च्युअलएन्व्हने केलेली चूल अर्धवटच वेगळी असायची. आपल्या कोठीत नसेल ते मोठ्या घराच्या कोठीतून मिळायचं. पूर्ण वेगळं व्हायचं असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागे. १.७ या आवृत्तीपासून हे उलटं झालं. पूर्ण वेगळेपण हा नियम आणि मोठ्या घराशी संबंध हा अपवाद. साधनात बदल एका पर्यायाचा झाला, पण गृहीतक बदललं. आधी वेगळं होणाऱ्याने कारण द्यायचं होतं, आता एकत्र राहणाऱ्याने द्यायचं. सप्टेंबर २०१२ मध्ये पायथॉन ३.३ आली, तेव्हा कार्ल मायर यांच्या ४०५ क्रमांकाच्या प्रस्तावानुसार ही सोय भाषेच्या आतच आली. तिचं नाव व्हीएन्व्ह. तिची यंत्रणा बघण्यासारखी आहे. पायथॉन सुरू होताना आपल्या शेजारी किंवा एक पायरी वर एक छोटीशी फाइल आहे का ते बघते. त्या फाइलीत मूळ पायथॉनचं घर कुठे आहे आणि मोठ्या घराची कोठी वापरायची की नाही, हे लिहिलेलं असतं. वेगळं निघालेल्या भावाच्या खिशात मूळ घराचा पत्ता असावा, तशी ती चिठ्ठी.

तर्कशास्त्राच्या भाषेत इथे काय घडलं? ‘या कामाला जँगोची जुनी आवृत्ती हवी’ आणि ‘त्या कामाला नवी हवी’, ही विधानं एकाच कोठीबद्दल एकदम खरी होऊ शकत नाहीत. व्हर्च्युअलएन्व्हने विरोध सोडवला नाही. कोठ्याच दोन केल्या आणि दोन्ही विधानं आपापल्या जागी खरी ठेवली. जैन तार्किक विधानाआधी ‘स्यात्’ लावतात, म्हणजे अमुक अपेक्षेने. त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पण एका चुलीच्या आतही भांडणं असतात. तुम्ही पाच पॅकेजं मागितली, त्यांना पन्नास लागतात, प्रत्येकाच्या वीस आवृत्त्या, प्रत्येकीच्या अटी. सगळ्यांच्या अटी पुऱ्या होतील असा एक संच निवडायचा. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात आम्ही सत्यता-कोष्टक शिकवत असू. दोन विधानांना चार ओळी, तीन विधानांना आठ. वीस विधानं झाली की १०,४८,५७६ ओळी, आणि पोरं हसायला लागायची. पॅकेजांचा हा प्रश्न नेमका तोच आहे. ‘अमक्याची दुसरी आवृत्ती असेल तर तमक्याची तिसरी किंवा चौथी हवी, आणि एकाच नावाच्या दोन नकोत’, अशा विधानांची लांबलचक माळ, ती सगळी एकदम खरी करता येते का ते बघायचं. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी दाखवून दिलं, की हा प्रश्न ज्या कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो त्यांना प्रत्येक वेळी हमखास लवकर उत्तर देणारी रीत सापडली, तर त्या वर्गातले सगळेच प्रश्न सुटतील. अशी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. पिपने बरीच वर्षं यातून सोपी पळवाट काढली होती. ज्याची अट आधी आली त्याचं ऐकायचं, मागून आलेल्याकडे काणाडोळा. बसवताना सगळं सुरळीत, आणि चालवताना तोंडघशी. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पिप २०.३ पासून ते नीट शोध घेऊ लागलं. त्यावर लोकांची तक्रार काय, तर आता वेळ लागतो आणि कधीकधी ‘जमत नाही’ म्हणून सांगतं! आधी जमत होतं म्हणजे काय होत होतं, हे त्यांनी विचारायला हवं होतं.

शास्त्रज्ञांची कथा वेगळी आहे. त्यांची पॅकेजं, म्हणजे नमपाय, सायपाय वगैरे, वरून पायथॉनची पण आतून सी आणि फोरट्रानची. रेषीय बीजगणिताचे कित्येक दशकांपूर्वी लिहिलेले फोरट्रान प्रोग्राम आजही त्यांच्या तळाशी काम करतात. हे सगळं आपल्या संगणकावर जुळवून घ्यायला कंपायलर लागतो, आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या विंडोज लॅपटॉपवर तो कुठून असणार? पायथॉनची वेगळी चूल इथे पुरत नव्हती, कारण अडचण पायथॉनच्या खालच्या जमिनीत होती. असं सांगतात, की २०१२ च्या सुमारास शास्त्रीय मंडळींनी हे गाऱ्हाणं व्हान रॉसम यांच्यापुढे मांडलं, तेव्हा त्यांनी सुचवलं, की तुमच्या गरजा इतक्या निराळ्या आहेत की तुमची सोय तुम्हीच केलेली बरी. नमपायचे कर्ते ट्रॅव्हिस ऑलिफंट आणि पीटर वांग यांच्या कंपनीने त्याच वर्षी कॉन्डा आणलं. (आपला धान्याचा कोंडा नव्हे.) कॉन्डाच्या चुलीत पायथॉन हेही एक पॅकेजच असतं, शिवाय सी-फोरट्रानच्या तयार लायब्ररी, आर भाषा, काय वाटेल ते. घरच नव्हे तर पाया आणि नळजोडसुद्धा बरोबर घेऊन जायचं. त्यांच्या वितरणाला नाव दिलं ॲनाकॉन्डा. गंमत अशी, की रेड हॅट लिनक्सच्या इन्स्टॉलरचंही नाव ॲनाकॉन्डाच, आणि तो या कंपनीच्या कितीतरी आधीचा. एका नावाच्या दोन वस्तूंचा घोळ मिटवायला निघालेल्यांच्या वाट्याला हे यावं!

चुली वेगळ्या झाल्या तरी किराणा सगळ्यांचा एकाच दुकानातून येतो, हेही विसरून चालत नाही. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने एनपीएमवरून आपलं लेफ्टपॅड हे पॅकेज काढून घेतलं. अवघ्या अकरा ओळींचं, पण त्याच्यावर अवलंबून असलेल्या हजारो प्रकल्पांची बांधणी अडली.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. वेगळी चूल मांडली म्हणजे निष्कर्ष पुन्हा पडताळता येतो का? नाही. चूल वेगळी करणं सोपं. त्या चुलीवर काय काय आणलं होतं याची नोंद ठेवणं हे खरं काम, आणि ते मागे पडलं. २०१९ मध्ये ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी गिटहबवरची सुमारे १४ लाख ज्युपिटर नोटबुकं तपासली. पायथॉनमधलं संशोधन लोक या नोटबुकांत लिहितात. त्यातली जी चालवून पाहता आली त्यांपैकी सुमारे २४ टक्के विनाअडथळा चालली, आणि जुनंच उत्तर पुन्हा देणारी निघाली सुमारे ४ टक्के. अडखळण्याच्या मोठ्या कारणांत, मागितलेलं पॅकेजच सापडत नाही, हे होतं. म्हणजे शंभरातली शहाण्णव माणसं ‘माझ्या मशीनवर चालतं’ याच्या पलीकडे काही सिद्ध करू शकत नव्हती.

नोंद ठेवायची साधनं नव्हती असं नाही. पिपला विचारलं तर तो कोठीतल्या सगळ्या वस्तूंची यादी आवृत्त्यांसह देतो. पण त्या यादीत तुम्ही स्वतः काय मागितलं आणि मागोमाग काय आलं, हा भेद नसतो. वाण्याच्या यादीत पाहुण्यांनी आणलेला खाऊही लिहावा, तसं. रूबी भाषेच्या मंडळींनी २०१० मध्येच बंडलरद्वारे दोन याद्या वेगळ्या केल्या. एक आपली इच्छा, दुसरी प्रत्यक्षात ठरलेला संच. दुसरीला लॉक-फाइल म्हणतात. पायथॉनमध्ये पिपेन्व्ह, पोएट्री अशी साधनं आपापल्या लॉक-फाइली घेऊन आली, पण प्रत्येकाची लिपी वेगळी. सर्वमान्य स्वरूपाचा प्रस्ताव मंजूर व्हायला २०२५ साल उजाडलं. मधल्या काळात किती प्रबंध सादर झाले असतील!

यावर सगळ्यात मूलगामी विचार केला तो एल्को डोल्स्ट्रा यांनी, उत्रेख्तच्या विद्यापीठात २००६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात. त्यांच्या निक्स या पद्धतीत पॅकेजचं नाव आणि आवृत्ती पुरेशी मानलेली नाही. ते पॅकेज ज्या ज्या गोष्टींपासून बनलं, म्हणजे त्याचा मजकूर, कंपायलर, त्याला लागलेली इतर पॅकेजं, त्या सगळ्यांवरून एक लांबलचक खूण काढायची आणि ती फोल्डरच्या नावात घालायची. घटक जरा बदलला की खूण बदलते, जागा बदलते. दोन वस्तू एकमेकींच्या जागेवर येऊच शकत नाहीत. आपल्याकडे नुसतं ‘रामभाऊ’ म्हणून भागत नाही, तेव्हा वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव लावतात. निक्स त्याच वाटेने पणजोबांच्याही पलीकडे जातं. आमच्या मते विचार म्हणून हे सर्वांत स्वच्छ उत्तर. पण शिकायला अवघड, म्हणून लोकांनी सोपी चूल पत्करली. इतिहासात असं होतंच.

आणि निक्सएवढी काळजी का लागते, याचं एक उदाहरण. २०१४ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी रेणूंची रचना ओळखायला मदत करणारे पायथॉनचे छोटे प्रोग्राम प्रसिद्ध केले. ते बऱ्याच जणांनी वापरले. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं, की तेच प्रोग्राम, तीच माहिती, पण वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उत्तर वेगवेगळं येतं. कारण सापडलं ते एवढंसं. फोल्डरातल्या फाइलींची यादी मागितली तर ती कुठल्या क्रमाने मिळेल हे ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असतं, आणि प्रोग्रामने तो क्रम नेहमी ठरावीकच येईल असं धरलं होतं. कुठलंच पॅकेज चुकीचं नव्हतं. व्हीएन्व्हच्या भिंती शाबूत होत्या. फरक भिंतींच्या खालच्या जमिनीत होता.

अलीकडचं थोडक्यात. ६६८ क्रमांकाच्या प्रस्तावानंतर, जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ वर घरच्या पायथॉनमध्ये पिपने काही बसवायला गेलात तर तो नकार देतो आणि वेगळी चूल मांडायला सांगतो. २०११ मध्ये एका साधनाने जे गृहीत धरलं, ते आता घराच्या दारावर लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये यूव्ही हे रस्ट भाषेत लिहिलेलं साधन आलं; ते चूल, आवृत्त्यांचा शोध आणि लॉक-फाइल ही कामं एकत्र आणि फार वेगाने करतं.

शेवटी एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे. त्या विचारतात, ‘माझा मुलगा पीएच.डी. करतो आहे, त्याला नेमकं काय सांगू?’ बाई, त्याला सांगा, की प्रत्येक कामाला वेगळं फोल्डर आणि वेगळं व्हीएन्व्ह. सी-फोरट्रानचं जड काम असेल तर कॉन्डा. लॉक-फाइल प्रबंधाच्या फाइलींबरोबरच ठेवायची. पायथॉनची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आणि तारीख प्रबंधाच्या परिशिष्टात लिहायची. आणि सादर करण्याआधी सगळं एका मित्राच्या लॅपटॉपवर, त्या याद्यांवरूनच, पहिल्यापासून उभं करून बघायचं. मित्र दुसऱ्या विभागातला असेल तर अधिक बरं. दुपारभराचं काम आहे.